आत्याचं इन्सुलिन

गेल्या पावसाळ्यात नगरहून भावाचा फोन आला. आत्याच्या पायाची जखम चिघळली होती. तिला पंधरा वर्षांपासून शुगर आहे. प्रार्थनेने आजार बरे होतात असं सांगणाऱ्या एका चंगाई सभेहून आल्यावर तिने इन्सुलिन बंद केलं होतं. "प्रभूने बरं केलंय, आता सुई घेणं म्हणजे अविश्वास," असं तिथे कुणीतरी सांगितलं आणि तिने ते मनापासून मानलं. पाय वाचला, अंगठा गेला. मी इथे इंग्लंडात लेस्टरमध्ये नर्स आहे, रोज परक्यांच्या जखमा बांधते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. चुलतभाऊ म्हणतो, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे ना, मग अशा सभा बंद करा. काका म्हणतात, हा आपल्या विश्वासावरच घाला आहे. माझं म्हणणं दोघांनाही आवडत नाही. आजारी माणसाला औषधापासून तोडणं हे पाप आहे, आणि ते प्रभूच्या नावाने केलं तर अधिकच. कायद्याने ते थांबणार असेल तर थांबू दे. पण आजाऱ्याच्या उशाशी केलेली प्रार्थनाही अंधश्रद्धाच, असं चुलतभाऊ म्हणतो, तिथे मी थांबते.

कारण इथे मी उलटी बाजू पाहते. वॉर्डात औषध मिनिटाला मिनिट वेळेवर मिळतं, यंत्रं आहेत, खर्चाची चिंता नाही. तरी पहाटे तीनला म्हातारी माणसं घंटी वाजवतात आणि मी गेल्यावर म्हणतात, काही नको, जरा बस. इथल्या सरकारी रुग्णालयांत चॅपलेन, म्हणजे रुग्णांना धीर देणारे धर्मसेवक, पगारावर असतात, ते याच कामासाठी. रुग्ण कुठल्याही धर्माचा असो वा कुठलाच नसो, ते येऊन बसतात, त्याने मागितली तरच प्रार्थना करतात.

सिसली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. ख्रिस्तावरच्या विश्वासातून त्यांनी 1967 साली दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाला टेकलेल्यांची सेवा करणारं रुग्णालय, उघडलं. मरणाऱ्या माणसाचं दुखणं शरीराचं, मनाचं, नात्यांचं आणि आत्म्याचं मिळून एकच असतं, असं त्या सांगत. म्हणून तिथे मॉर्फिन ठरल्या वेळेला दिलं जाई, दुखणं उसळायची वाट न पाहता. दुखण्याने तळमळणारा माणूस प्रार्थना तरी कशी करणार? वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 पासून याच वाटेने चाललं आहे.

आणि काका, बायबलात तरी कुठे सुई आणि प्रार्थना यांचं भांडण आहे? हिज्कीया राजा मरणाला टेकला, रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली. तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. एलीया संदेष्टा जीव नकोसा होऊन झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठवून भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. देवाची वाणी नंतर आली. सलग चार रात्रपाळ्या करून, उपाशीपोटी घाईघाईत प्रार्थना उरकून मी स्वतःला भक्तिमान समजत होते, तेव्हा हा अध्याय मला नव्याने कळला. आता पाळी संपली की आधी जेवते, झोपते, मग गुडघे टेकते.

आपल्याकडे हे नवं नाहीच. मिरजेला 1894 साली डॉ. वानलेस यांनी मिशन रुग्णालय उभं केलं. ते मिशनरी होते आणि शल्यविशारदही, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. मराठी ख्रिस्ती घरांतून नर्स झालेल्या कितीतरी बाया याच परंपरेतल्या आहेत. त्यांच्याच भाचीपुतण्यांना आज औषध की विश्वास हे निवडायला लावतात, याचा मला राग येतो.

म्हणून आमच्या तिकडच्या चर्चच्या पाळकसाहेबांना मी एक विनंती केली आहे. महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर सभागृहात एक टेबल मांडा. मंडळीतल्या निवृत्त नर्सबाईंना बसवा, सगळ्यांचा बीपी आणि शुगर मोजा. इन्सुलिनवर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास-प्रार्थनेला उपाशी बसू नये, हे वेदीवरूनच सांगा, कारण साखर अचानक उतरून माणूस बेशुद्ध पडतो. नर्सबाईंच्या शेजारीच मंडळीतले एक वडील, म्हणजे एल्डर, बसवा. ज्याला बोलायचंय, रडायचंय, प्रार्थना करून घ्यायचीय, त्याच्यासाठी. मशीन मी पाठवते.

पाळकसाहेब विचार करतो म्हणाले. आत्या मात्र तयार आहे. रविवारी फोनवर आम्ही दोघी प्रार्थना करतो, आमेन म्हणतो, आणि लगेच मी विचारते, "आत्या, सुई घेतलीस का?" ती आकडा वाचून दाखवते.