छीपाओला पाच हजार वर्षं चिकटवू नका

चिनी नववर्ष आलं की एक मजकूर हमखास फिरू लागतो. सोबत फोटो असतो: उंच कॉलरचा, अंगाला बेतून बसणारा, दोन्ही बाजूंना चिरा असलेला लाल रेशमी छीपाओ घातलेली तरुणी. खाली लिहिलेलं असतं: ‘हा चीनचा पाच हजार वर्षांचा पोशाख. चिनी लोकांनी परक्यांचं काही घेतलं नाही. पिवळा रंग पहिल्यापासून फक्त सम्राटाचा. त्यांनी जपलं, आपण सोडलं.’ यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी पोशाखाचं वय. आज दिसतो तो छीपाओ १९२०च्या दशकात शांघायमध्ये घडला. सुरुवातीला तो सैल, सरळ झग्यासारखा होता. अंगाबरोबर बसू लागला तो १९३०च्या दशकात. १९२९ साली चीनच्या राष्ट्रवादी सरकारनं त्याला पोशाखाच्या नियमावलीत जागा दिली. त्याचं मूळ ईशान्येकडून आलेल्या मांचू लोकांच्या झग्याकडे जातं, आणि मांचूंनी बीजिंग घेतलं १६४४ मध्ये.

मग त्याआधी काय घालत? १९७२ मध्ये चांगशाजवळ मावांगदुई इथं शिन चुई या हान काळातल्या सरदारपत्नीची कबर उघडली. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. तिच्यात पारदर्शक रेशमाचा एक झगा मिळाला. लांबी १२८ सेंटिमीटर, वजन अवघं ४९ ग्रॅम. म्हणजे अख्खा झगा पाच तोळेसुद्धा भरत नाही! त्याला उंच कॉलर नाही, चिरा नाहीत, बाह्या ऐसपैस. डावी बाजू उजवीवर आणून कपडा उजव्या कुशीकडे बंद करायचा, ही हान लोकांची, म्हणजे बहुसंख्य चिनी लोकांची रीत. बऱ्याच कपड्यांना त्यासाठी आपल्या बाराबंदीसारखे बंद असत. ही दिशा किरकोळ नव्हती. गुआन चुंग हा जुना मंत्री नसता तर आपण केस मोकळे सोडून डावीकडे बंद होणारे कपडे घालत असतो, असं कन्फ्यूशियसनं म्हटलं आहे. म्हणजे परक्यांसारखे झालो असतो.

पण ‘परक्यांचं काही घेतलं नाही’ हे त्यावरूनही सिद्ध होत नाही. इ.स.पू. ३०७ मध्ये चाओ राज्याच्या वूलिंग राजानं उत्तरेकडच्या घोडेस्वार टोळ्यांची विजार आणि आखूड अंगरखा आपल्या लोकांना घालायला लावला, कारण घोळदार झग्यात घोड्यावरून बाण मारता येत नाहीत. त्याच्या काकानंच आधी विरोध केला होता. पुढे तांग काळात (सातवं ते दहावं शतक) शिआनच्या आसपासच्या कबरींतली चित्रं आणि मातीच्या मूर्ती पाहा: गोल गळ्याचे पुरुषी झगे आणि बूट घातलेल्या, घोड्यावर बसलेल्या स्त्रिया. हे वळण मध्य आशियाचं. १३६८ मध्ये मंगोलांची सत्ता उलथवून आलेल्या मिंग घराण्यानं मंगोल पोशाख बंद करून तांग वळणावर परत यायचा हुकूम काढला, तरी मंगोल धाटणीचे झगे मिंग दरबारातही टिकले.

आणि १६४५. मांचूंचा हुकूम आला: पुरुषांनी पुढचं डोकं भादरायचं, मागे वेणी ठेवायची, कपडे मांचू पद्धतीचे घालायचे. केस ठेवाल तर डोकं जाईल, ही त्या काळची धमकी. ज्यांगयिन शहर याविरुद्ध जवळजवळ तीन महिने लढलं. ते पडल्यावर कत्तल झाली. हान स्त्रियांना मात्र आपला अंगरखा आणि घागरा चालू ठेवता आला. मला त्या मजकुराचा राग येतो तो इथे. ज्या बदलापायी माणसं मेली, तो बदल झालाच नाही असं तो सांगतो.

पिवळ्याचं थोडक्यात. पहिल्या सम्राटानं काळा रंग निवडला होता, असं सिमा छ्येन हा इतिहासकार लिहितो. पुढच्या सुंग सम्राटांची बरीच चित्रं लाल झग्यांतली आहेत. पिवळ्यावर बंधनं यायला लागली ती तांग काळापासून.

राहिलं ‘त्यांनी जपलं’. हान पुरुषांचा जुना पोशाख साडेतीनशे वर्षं रोजच्या वापरातून गेला होता. उरला तो नाटकाच्या रंगमंचावर आणि ताओ पुजाऱ्यांच्या अंगावर. २००३ मध्ये चंगचौ शहरात एक तरुण हान पद्धतीचे कपडे घालून रस्त्यावर निघाला, तर त्याची बातमी झाली. आज तिकडच्या मुली हौसेनं घालतात तो घोडमुखी घागरा (पुढे-मागे सपाट पट्टा, बाजूंना चुण्या) मिंग काळात रूढ होता, आणि तो नव्यानं शिवणारे कारागीर छूफूच्या कन्फ्यूशियस-वंशजांच्या वाड्यात राहिलेले मिंग कपडे पाहून मापं, चुण्या जुळवतात.