पाऊस मोजून जंगल कळत नाही

जून लागला की सातारा-सांगलीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर वृक्षारोपणाचा एक संदेश दरवर्षी फिरू लागतो. त्याचा आशय असा की सह्याद्रीत पाऊस आहे म्हणून तिथे जंगल आहे आणि माण-खटाव, आटपाडी-जतला पाऊस नाही म्हणून तिथे झाडे टिकत नाहीत. जुन्या झाडांची वाढ थांबलेली असते, सबब त्यांच्या जागी नवीन लावावीत. आणि बीजगोळे (मातीच्या गोळ्यात घातलेले बी) टाकून पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी घातले की पुढे जंगल आपोआप होते, असेही त्यात म्हटलेले असते. हेतूबद्दल वाद नाही. मात्र या समजुतीवर गावोगावचे श्रमदान आणि पैसा खर्ची पडतो, म्हणून तिची विधाने एकेक करून तपासणे गरजेचे आहे.

‘पाऊस जास्त तिथे झाडे जोमदार’ हे पहिले विधान. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,५०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि माणमधल्या दहिवडीला ५०० मिलिमीटरच्या आसपास. विधान खरे असते, तर महाबळेश्वरची झाडे राज्यात सर्वांत उंच असायला हवी होती. प्रत्यक्षात तिथले अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे सदाहरित रान ठेंगणे आहे, आणि घाटमाथ्याच्या कडेला तर ते वाऱ्याने पिळवटून खुजे झाले आहे. दक्षिणेकडे केरळात याहून बऱ्याच कमी पावसावर सदाहरित झाडे कितीतरी उंच जातात, कारण तिथे कोरडे महिने थोडे असतात. महाबळेश्वरचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात ओतून जातो आणि त्यानंतरचे सात-आठ महिने झाडाला साठ्यावर काढावे लागतात. हा साठा जमिनीच्या खोलीवर ठरतो. कासच्या पठारावर २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही उघड्या जांभ्यावर झाड नाही. पण त्याच पठाराच्या कडेला, जिथे खडकाच्या भेगेत वाहून आलेली माती हातभर साचली आहे, तिथे अंजनी-जांभळाचे बेट हटकून दिसते. त्या बेटावर आणि शेजारच्या उघड्या खडकावर पडणारा पाऊस एकच आहे.

उष्ण प्रदेशांतील सुमारे ३५० ठिकाणच्या झाडांच्या खोडातली वाढीची वार्षिक वलये एकत्र करून केलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. एका वर्षाहून दुसऱ्या वर्षी वाढीत जो फरक पडतो, त्यावर ओल्या हंगामापेक्षा कोरड्या हंगामातल्या हवामानाचा प्रभाव जास्त असतो, असे त्यात आढळले. आपल्याकडे मात्र पावसाळ्याचे आकडे सगळ्यांना पाठ असतात आणि मार्च-एप्रिलमधल्या हवेच्या कोरडेपणाची नोंद कोणी विचारत नाही. संदेशात तथ्य आहे ते इतकेच, की ढोबळ मानाने कोणत्या भागात कोणत्या जाती येतील हे पाऊस ठरवतो: कोयनेकडे पिसा, माणमध्ये हिवर आणि बोर.

‘पाऊस नाही म्हणून झाडे टिकत नाहीत’ हे दुसरे विधान मृत्यूविषयी आहे, आणि त्यात झाडाच्या मरण्याचे कारण आणि वेळ दोन्ही चुकतात. जमीन फार कोरडी पडते आणि हवा पाणी ओढत राहते, तेव्हा खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नलिकांमध्ये हवेचे बुडबुडे शिरून त्या निकामी होतात. ते टाळण्यासाठी झाड पानांची रंध्रे (बारीक छिद्रे) मिटून घेते, पण मग अन्न तयार होत नाही आणि साठवलेले अन्न संपत जाते. अशा अशक्त झाडाला पुढे खोडकिडा किंवा बुरशी गाठते. त्यामुळे दुष्काळ आणि झाडाचे वाळणे यांत कधी कधी वर्षांचे अंतर पडते. तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात ५० हेक्टरांच्या क्षेत्रातील झाडांची नोंद १९८८ पासून ठेवली जाते. तिथे मोठ्या झाडांच्या मृत्यूचा संबंध त्या वर्षीच्या पावसाशी नव्हे, तर दोन-तीन वर्षे आधीच्या पावसाशी दिसला आणि लहान झाडे मुख्यतः आग व हत्ती यांच्यामुळे गेली. जातीजातींतही फरक असतो. कोयनेच्या रस्त्याकडेला उजेड मिळताच झपाट्याने वाढणारा चांदाडा हलक्या लाकडाचा आणि अल्पायुषी असतो, तर सावकाश वाढणारी जड लाकडाची झाडे दीर्घकाळ टिकतात. एकाच पावसाखाली शेजारी उभी असलेली दोन झाडे वेगवेगळ्या कारणांनी आणि वेगवेगळ्या वर्षी मरतात.

जुनी झाडे वाढत नाहीत, हे विधान सरळ चूक आहे. उंची थांबते, पण खोड आणि फांद्या लाकूड जोडत राहतात. ४०३ जातींच्या मोजमापांवर आधारलेल्या २०१४ सालच्या अभ्यासात, बहुतेक जातींमध्ये झाड जितके मोठे तितकी त्याच्या वजनात दरवर्षी पडणारी भर अधिक, असे दिसून आले. पालखी मार्गावरचे किंवा देवराईतले जुने झाड रुंदीकरणाच्या सोयीसाठी ‘थकलेले’ ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

खरी मेख पुनरुत्पत्तीत, म्हणजे बियांपासून नवी झाडे उभी राहण्यात आहे, आणि संदेश तिच्याकडे पाहतच नाही. जुलैत जांभळाच्या मोठ्या झाडाखाली वाकून पाहिले, तर दोन पानांची रोपे दाटीने उगवलेली दिसतात. त्याच जागी पुढच्या उन्हाळ्यात क्वचितच एखादे उरते. मूळ झाडाच्या सावलीत उजेड अपुरा पडतो आणि त्या जातीवर जगणारे किडे व बुरशी तिथेच एकवटलेले असतात. म्हणून बी दूर नेणारे हरियल, धनेश, उदमांजर आणि वानर जिथे राहिले नाहीत, तिथे पाऊस कितीही पडला तरी नवी पिढी उभी राहत नाही. त्यानंतर गुरे-शेळ्या आणि वणवा. ‘जाळले की गवत चांगले फुटते’ म्हणून डोंगराला दरवर्षी काडी लावली, की जाड सालीचा कुंभा तगतो आणि बोटभर जाडीची बाकी रोपे जमिनीपासून जळतात. पळस मुळांतून पुन्हा फुटतो, पण प्रत्येकच जातीला ते जमत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरचा दाखला लावगडीच्या बाजूने नेहमी दिला जातो. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने तिथे उघड्या डोंगरावर झाडी उभी राहिली आणि १९८५ साली ते अभयारण्य झाले, हे खरेच आहे. पण कुंपणाच्या आत आणि बाहेर पाऊस सारखाच पडत होता. लावगडीबरोबर चराई आणि तोड रोखली गेली नसती, तर ती रोपे टिकली नसती. माणच्या प्रत्येक माळाला हा दाखला लावणेही बरोबर नाही, कारण तिथली कित्येक कुरणे ही उजाड झालेली जंगले नसून पूर्वापार गवताळ राने आहेत आणि मेंढपाळांचा चारा तिथूनच येतो.

राहिले बीजगोळे. बाभूळ आणि चिंच यांची बी टणक सालीची असल्याने वाळूनही बराच काळ टिकते, त्यामुळे त्यांचे गोळे आधी करून ठेवता येतात. जांभूळ आणि आंबा यांची बी मात्र ओल गेली की मरते. एप्रिल-मेमध्ये गोळ्यात घालून उन्हात वाळवलेले जांभळाचे बी जूनमध्ये डोंगरावर फेकले, तर त्यातून काही उगवण्याची आशा नसते. ते बी फळ खाल्ल्यावर त्याच आठवड्यात, गोळा न करता, ओल्या मातीत रोवावे लागते.