पाण्याची मनधरणी

पाण्यासारखं सरळ आणि निर्मळ काही नाही असं म्हणणाऱ्या माणसाने एस्प्रेसो कधी काढलेली नसावी. पाणी पक्कं लबाड असतं. त्याला आपण सांगतो काय, तर १८ ग्रॅम दळलेल्या कॉफीच्या चकतीतून सगळीकडून सारखं झिरपत पंचवीस-तीस सेकंदांत खाली ये. एवढंच. मागून ९ बारचा दाबही लावून देतो. तरी ते आत शिरल्या शिरल्या कुठे फट आहे, कुठे भुसभुशीत आहे, कडेला कुठे जागा सुटली आहे हे हुडकून काढतं आणि तिथून निसटतं.

बागेतल्या हिरवळीवरून एक जण आडवा गेला की तिथे पुसट पायवाट उमटते आणि मग बघता बघता अख्खी वस्ती तिथूनच जाऊ लागते, तसा हा प्रकार. जिथून जरा जास्त पाणी गेलं, तिथली कॉफी विरघळून वाहून जाते, वाट रुंदावते आणि उरलेलं पाणीही तिकडेच वळतं. ह्या रोगाला चॅनलिंग म्हणतात. त्या वाटेवरची कॉफी पार पिळून निघते आणि कडू होते, बाकीची जेमतेम भिजून आंबट राहते. म्हणजे कडू आणि आंबट, दोन्ही एकाच घोटात.

हे सगळं मला कळायचं काही कारण नव्हतं. यंत्राबरोबर आलेल्या पोर्टाफिल्टरला, म्हणजे कॉफीची जाळीदार वाटी (बास्केट) ज्यात बसते त्या मुठीच्या भांड्याला, खाली दोन तोट्या होत्या आणि वर चाललेली अनागोंदी त्या सभ्यपणे झाकून घेत होत्या. मग मेव्हण्याने वाढदिवसाला बिनबुडाचा पोर्टाफिल्टर भेट दिला. "भाऊजी, ह्यात सत्य दिसतं," तो म्हणाला. दिसलं. बास्केटच्या कडेने एक बारीक चिळकांडी उडाली आणि सत्य माझ्या चश्म्यावर आलं.

"पूर्वी कॉफी कपात पडायची ना?" बायकोने विचारलं.

मेव्हण्याला व्हिडिओ पाठवला. त्याने तो थांबवून थांबवून पाहिला असावा, कारण फोन यायला बराच वेळ लागला. "भाऊजी," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमचं पाणी कडेने पळतंय."

त्या दिवसापासून आमच्या घरात पाण्याची मनधरणी सुरू झाली. प्रत्येक मनधरणीसाठी एक वस्तू लागते आणि प्रत्येक वस्तू आपल्याबरोबर पुढच्या वस्तूची निकड घेऊन येते, हे मला मेव्हण्याने सांगितलं नव्हतं.

पहिली आली सुई. ग्राइंडरमधून कॉफी गुठळ्यांनी पडते. गुठळी घट्ट, तिच्या शेजारची पोकळी मोकळी, आणि पाण्याला तेवढंच हवं असतं. ह्यावर जॉन वाइस नावाच्या गृहस्थांनी २००५ च्या सुमारास उपाय सुचवला. दह्याच्या रिकाम्या डब्याचा तळ कापून तो बास्केटवर बसवायचा, म्हणजे कॉफी सांडत नाही, आणि सुईने ती ढवळून गुठळ्या मोडायच्या. झालं. डब्ल्यूडीटी, म्हणजे 'वाइस डिस्ट्रिब्युशन टेक्निक', म्हणतात ती हीच. पण इतका फुकटात होणारा उपाय जगाला फार काळ सहन होणं शक्य नव्हतं. आता त्या सुया एका देखण्या मुठीत बसवून मिळतात. मुठीला उभं ठेवायला स्टँड असतो. दह्याच्या डब्याची जागा घेणारं धातूचं नरसाळं चुंबकाने बास्केटला चिकटतं. सुया जाड असल्या तर त्याच कॉफीत चर पाडतात, म्हणून त्या साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्याच हव्यात. ढवळण्याचीही रीत आहे. आधी तळापर्यंत जायचं, मग हळूहळू वर यायचं आणि शेवटी नुसतं वरवर फिरवायचं. घाई केलेली कॉफीला कळते.

सकाळी मी असा वाकून, श्वास रोखून सुया फिरवत असताना बायको स्वयंपाकघरात आली. थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "कुणाच्या नावाने टोचतोयस?"

माझं प्रामाणिक मत विचाराल तर ह्या साऱ्या लवाजम्यात खरी कामाची हीच एक वस्तू. चिळकांड्या थांबल्या त्या सुईने. इथेच थांबलो असतो तर लेख इथेच संपला असता.

पण गुठळ्या मुळात होतातच का? तर दळताना स्थिर वीज तयार होते म्हणून. त्यावर तोडगा असा की दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब शिंपडायचा. मेव्हणा बिया तीर्थ शिंपडावं तशा भिजवायचा आणि मी मनात हसायचो. पुढे २०२३ मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ह्यावर रीतसर निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यांच्यात ज्वालामुखीच्या राखेत वीज कशी साठते ह्याचा अभ्यास करणारे लोक होते. पाण्याने विद्युतभार खरंच कमी होतो, गुठळ्याही कमी होतात. ज्याच्या बाजूने ज्वालामुखीवाले उभे राहिले, त्या मेव्हण्याशी वाद काय घालणार?

कॉफी सपाट करणारं एक फिरकीचं यंत्रही आलं. त्याने पृष्ठभाग इतका सुंदर होतो की आत काय चाललं आहे ह्याची चौकशी करायची हिंमत होत नाही. ते सध्या कपाटात असतं.

टॅम्परबद्दल, म्हणजे कॉफी दाबून बसवायच्या ठोकळ्याबद्दल, मात्र बोललं पाहिजे. कॉफी ३० पौंडांनी, म्हणजे सुमारे साडेतेरा किलोंनी दाबावी असं जुनी मंडळी सांगतात. त्यासाठी वजनकाट्यावर दाबून हाताला सवय लावणारे लोक आहेत. ठरावीक जोर झाला की खट्कन आवाज करणारे स्प्रिंगचे टॅम्पर आहेत. मी एकदा कागदावर हिशेब मांडला. बास्केटचा व्यास ५८ मिलिमीटर, पाण्याचा दाब ९ बार. गुणाकार केल्यावर त्या चकतीवर सुमारे २४० किलोंचा भार येतो. म्हणजे मी खांदा दुखेपर्यंत जो साडेतेरा किलोंचा पराक्रम करतो, त्यावर पुढच्या मिनिटाला पाणी येऊन २४० किलोंनी बसतं. तेव्हा जोराचं कौतुक पुरे. दाब सरळ हवा, तिरका नको. तिरका पडला की पातळ बाजूने पाणी पसार.

आणि मग आली पक स्क्रीन. दाबलेल्या चकतीला पक म्हणतात आणि तिच्या डोक्यावर ठेवायची ही पोलादी जाळी. जाळीचे अनेक थर एकत्र दाबून केलेली, जाडी १.७ मिलिमीटर. यंत्राच्या तोंडातून पाणी सगळीकडे सारखं पडत नाही. कुठे धार, कुठे थेंब. ते आधी जाळीवर पडतं, आडवं पसरतं आणि मग शहाण्यासारखं खाली उतरतं. शिवाय कॉफीचा चोथा वर यंत्राला चिकटत नाही. ऐकायला उत्तम.

पण १.७ मिलिमीटर ही जागा आणायची कुठून? बास्केटमध्ये तेवढी मोकळी नसेल तर जाळी वर आदळते. म्हणून कॉफी कमी करायची. कॉफी कमी केली की पाणी लवकर उतरतं, म्हणून दळण बारीक करायचं. पुन्हा, जाळी थंड असली तर पाण्याची ऊब खाते, म्हणून ती आधी गरम पाण्यात बुडवायची. बुडवली की ओली होते आणि तिच्यातून ठिबकलेला थेंब, इतक्या निगुतीने सपाट केलेल्या कॉफीवर, बरोबर मधोमध खड्डा पाडतो. म्हणून ती पुसायची. पुसेपर्यंत थंड होते.

"खाली कागदही घाला," मेव्हणा म्हणाला. बास्केटच्या तळाशी गोल फिल्टर कागद घातला की अगदी बारीक कण भोकांत अडकत नाहीत आणि पाणी मोकळं वाहतं. इतकं मोकळं, की दळण आणखी बारीक करावं लागतं. बारीक दळलं की गुठळ्या. गुठळ्या आल्या की सुई.

फ्रान्समधल्या दीजाँ शहरातल्या कारंज्यांवर लिहिताना हेन्री दार्सी ह्या इंजिनिअरने १८५६ मध्ये वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं ह्याचा नियम मांडला. आजही एस्प्रेसोचं गणित मांडणारे तिथूनच सुरुवात करतात. पण दार्सींची वाळू सरळमार्गी होती. ती पाणी लागताच फुगत नव्हती, थोडीथोडी विरघळत नव्हती, आपले बारीक कण तळाशी पाठवून वाट अडवत नव्हती. २०२० मध्ये गणितज्ञ आणि कॉफीवाल्यांच्या एका गटाने दाखवून दिलं की एका मर्यादेपलीकडे दळण बारीक केलं तर प्रवाहच असमान होतो आणि कॉफीतून उतरायचं ते उलट कमी उतरतं. जरा जाडसर दळा, कॉफी कमी घ्या, असं त्यांचं म्हणणं. मी हे मेव्हण्याला वाचून दाखवलं.

"भाऊजी, त्यांचा ग्राइंडर वेगळा," तो म्हणाला.

मध्यंतरी एक सकाळ अशी उगवली की एस्प्रेसो खरोखर अप्रतिम झाली. मधासारखी संथ धार, कडूपणा नाही, आंबटपणा असलाच तर हवासा. बायकोने कप खाली ठेवून "ही कशी केलीस?" असं विचारलं. हा प्रश्न ती आनंदाने विचारत होती. उत्तर मात्र देता येईना, कारण त्या दिवशी जाळी नवी होती, कागद नवा होता आणि बियांची पिशवीही ताजी फोडलेली होती. मेव्हण्याने श्रेय जाळीला दिलं. माझा कल पिशवीकडे आहे. आडात नसेल तर पोहऱ्यात कितीही जाळ्या लावा. पण हे त्याला सांगितलं तर तो पिशवीसाठी हवा काढून घेणारा डबा पाठवेल.

जाळीची सर्वांत मोठी अडचण कॉफी काढून झाल्यावर येते. चोथा टाकायला पोर्टाफिल्टर आपटला की चकतीबरोबर जाळीही चोथ्याच्या डब्यात उडी मारते आणि तळाशी जाऊन बसते. बोट घालावं तर चटका. ही व्यथा बोलून दाखवताच मेव्हण्याने खास जाळी उचलायचा चुंबक धाडला. चुंबक डब्यात सोडला, इकडून फिरवला, तिकडून फिरवला. जाळी ढिम्म. मेव्हण्याला फोन लावला.

"चिकटत नाही?" तो आनंदाने ओरडला. "म्हणजे ३१६ प्रतीचं पोलाद अस्सल आहे, भाऊजी! ते चुंबकाला दाद देत नाही!"

आम्ही दोघं पोलादाच्या प्रतींवर बोलत असताना बायकोने ओट्यावरचा चिमटा घेतला, डब्यातून जाळी काढून नळाखाली धरली आणि मला विचारलं, "हा चालतो ना? की ह्याचाही ५८ मिलिमीटरचा वेगळा मिळतो?"

फोन चालूच होता. पलीकडून मेव्हणा म्हणाला, "मिळतो."