इफडेफ आधी नको
विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालणारं ॲप लिहिण्याबद्दलच्या लेखातला ‘प्लॅटफॉर्ममध्ये फरक दिसला की तिथेच इफडेफ टाका’ हा सल्ला अजिबात पटला नाही. (इफडेफ म्हणजे #ifdef, कोडचा एखादा भाग ठरावीक प्लॅटफॉर्मवरच कंपाइल करायला लावणारी अट.) क्यूटीने (Qt, एकाच कोडमधून अनेक प्लॅटफॉर्मची ॲप्स बनवायचं फ्रेमवर्क) बरेच फरक आधीच सांभाळलेत. ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’चा क्रम विंडोजवर एक, मॅकवर उलटा, क्यूटीचा क्यूडायलॉगबटनबॉक्स (डायलॉगमधली बटणं मांडणारा घटक) वापरला की तो आपोआप लागतो. मॅकवर सेटिंग्जचा आयटम ॲपच्या नावाच्या मेनूत जातो, पण क्यूटी तो त्याच्या मजकुरावरून ओळखतं. आम्ही मेनू मराठीत केला आणि तो आयटम जागचा हलेना. टीममधल्या एकाने लगेच इफडेफ लिहायला घेतला. त्याऐवजी त्या ॲक्शनला (मेनूतल्या आयटमला) प्रेफरन्सेसरोल (‘हा सेटिंग्जचा आयटम आहे’ असं क्यूटीला सांगणारी खूण) दिला, एका ओळीत काम झालं, विंडोजवर काहीही बिघडलं नाही.

विंडोजची रजिस्ट्री (सेटिंग्ज साठवणारा डेटाबेस) वाचण्यासारखं खरोखर वेगळं काम असेल तर ते स्वतंत्र फाइलीत ठेवा, कुठे कोणती फाइल घ्यायची ते सीमेक (CMake, बिल्ड जुळवणारं साधन) ठरवेल. विजेटच्या (बटणं, खिडक्या अशा पडद्यावरच्या घटकांच्या) कोडमध्ये इफडेफ पसरले की मॅकची बिल्ड मोडल्याचं विंडोजवर काम करणाऱ्याला कळतच नाही.