लाइन रखडते ती विरोधामुळे, की उशिरा विचारल्यामुळे?

ट्रान्समिशन लाइनचं, म्हणजे उंच टॉवरवरून वीज दूरवर नेणाऱ्या तारांचं, काम थांबलं की बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: 'स्थानिकांच्या विरोधामुळे प्रकल्प लांबणीवर'. मला ते दरवेळी खटकतं. विरोध असतो, खोटं नाही. पण त्याआधी फाइल किती वर्षं कुठे कुठे फिरत होती आणि ज्यांच्या रानातून तारा जाणार त्यांना त्या काळात कुणी काय विचारलं, हे कुणी छापत नाही.

देश कुठलाही असो, नवी लाइन टाकायची तर प्रश्न तीनच. ती हवीच आहे का? कुठून न्यायची? खर्च कुणाच्या बिलात घालायचा? गंमत अशी की तिन्हींची उत्तरं देणारे वेगळे. गरज ठरवतात ग्रीडचं (वीजवाहिन्यांच्या जाळ्याचं) नियोजन करणारे इंजिनिअर. खर्चावर शिक्का मारतो वीज नियामक आयोग. मार्गासाठी वनखातं, रेल्वे, महामार्ग, संरक्षण खातं, विमानतळ असे सगळे दरवाजे ठोठवायचे. जमीनमालकाची पाळी येते ती नकाशावर रेघ पक्की झाल्यावर. मग तो सुनावणीत विचारतो, "पण ही लाइन लागतेच कशाला?" त्यावर ऐकायला मिळतं, "तो विषय या सुनावणीच्या कक्षेत नाही." ज्या सुनावणीच्या कक्षेत होता तिची नोटीस त्याला कशी मिळणार? तेव्हा मार्गच ठरलेला नव्हता! लोक चिडतात ते टॉवरवर कमी आणि या उत्तरावर जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

बरं, सरकारी खाती तरी एकमेकांशी वेळेवर बोलतात का? अमेरिकेतली सनझिया लाइन बघा. न्यू मेक्सिकोतली पवनवीज ॲरिझोनाकडे नेणारी, साधारण 550 मैलांची, 3000 मेगावॅटची. आखणी 2006 मध्ये सुरू झाली. अमेरिकी केंद्र सरकारची मंजुरी 2015 मध्ये आली. 2018 मध्ये न्यू मेक्सिको राज्याच्या नियामक आयोगाने मार्गाचा अर्ज फेटाळला. क्षेपणास्त्र चाचणीच्या लष्करी हद्दीवरून वाद झाला, मार्ग बदलला, नव्याने मंजुरी घ्यावी लागली आणि काम सुरू व्हायला 2023 उजाडलं. यात एकट्या शेतकऱ्यांकडे बोट कसं दाखवणार?

जर्मनीत उत्तरेकडची पवनवीज दक्षिणेकडे नेणारी सूडलिंक 2022 मध्ये सुरू व्हायची होती. उघड्या तारा आणि उंच टॉवर नकोत म्हणून लोक रस्त्यावर आले. 2015 मध्ये अशा लाइनसाठी भूमिगत केबलला प्राधान्य देणारा कायदा झाला आणि जवळपास 700 किलोमीटरची आखणी पुन्हा करावी लागली. आता 2028 अखेरची तारीख आहे. भूमिगत केबल महाग, तो भार शेवटी ग्राहकांवरच. युरोपीय संघाने महत्त्वाच्या प्रकल्पांच्या परवानग्यांना साडेतीन वर्षांची मुदत घातली होती आणि सूडलिंक त्याच यादीतली, तरी रखडलीच. म्हणून 'मुदत घाला, सगळं सुटेल' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

घाई खरी आहे, हे मान्य. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2023च्या अहवालानुसार सौर-पवन प्रकल्प 1 ते 5 वर्षांत होतो, ग्रीडच्या कामाला 5 ते 15 वर्षं लागतात. वीज तयार आणि वाट नाही, हे परवडणारं नाहीच. पण घाई आहे म्हणूनच गरज आणि मार्ग एकत्र चर्चेला आणा. दोन-तीन पर्यायी मार्ग नकाशासकट आधी लोकांपुढे ठेवा. जुन्याच टॉवरवर जास्त क्षमतेच्या तारा ओढून भागतं का, हेही तिथेच उघड सांगा.

आपल्याकडचा मामला उलट्या टोकाचा. विद्युत कायदा 2003च्या कलम 68 खाली सरकारची पूर्वमंजुरी लागते आणि कलम 164 खाली लाइन टाकणाऱ्याला 1885च्या टेलिग्राफ कायद्यातले, दुसऱ्याच्या जमिनीवर टॉवर उभारून तारा नेण्याचे अधिकार मिळतात. म्हणजे जमीन संपादित होत नाही. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच, वापर लाइनचा. (2023चा दूरसंचार कायदा आला, पण ट्रान्समिशनसाठी तो जुना भाग जिवंत ठेवला. काय हा जिव्हाळा!) पर्यावरण परिणामांच्या 2006च्या अधिसूचनेत या लाइन नाहीत, त्यामुळे त्या अधिसूचनेखालची जनसुनावणीही नाही.

मग उरतो मोबदला. 2015च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला किमतीच्या 85 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त 15 टक्के होते. जून 2024 मध्ये ते 200 आणि 30 टक्के झाले. वाढ चांगलीच आहे, पण राज्याने स्वीकारली तर. आणि तीही एकदाच. स्पर्धात्मक निविदेतून लाइन मिळवणाऱ्या कंपनीला मात्र करारानुसार 35 वर्षं लाइनच्या वापराचं शुल्क मिळत राहतं. त्या शुल्कातला छोटा हिस्सा दरवर्षी जमीनमालकाला भाडं म्हणून द्यायला काय हरकत आहे, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कमेंटमध्ये जरूर लिहा.