तुरटी, घट्ट पट्टी आणि आमचे काका

"पोटावरच्या पिशवीचं आतडं बाहेर आलं? ऑपरेशन नको! तुरटीच्या पाण्याने आत ढकला, घट्ट पट्टी बांधा, 21 दिवसांत बसतं. दुखत नाही म्हणजे धोका नाही. डॉक्टर पुन्हा पोट फाडतात, तरी ते परत बाहेर येतंच."

हा मेसेज फिरत फिरत आमच्या काकूकडे आला. काकांना स्टोमा आहे, म्हणजे शौचासाठी आतड्याचं तोंड पोटावर काढून त्यावर पिशवी लावलेली; तेच आतडं आता जास्त बाहेर आलं होतं. नागपुरात मानेवाड्याला त्यांच्या घरी गेलो तर काकांच्या पोटावर करकचून पट्टी. काकू म्हणते, "त्यांना दुखत नाही ना रे, मग काहून घाबरतो?"

तिथेच माझं डोकं फिरलं. स्टोमाला कापलेलं, भाजलेलं कळतच नाही. त्याचा रक्तपुरवठा अडला तरी तो हाक मारेलच असं नाही. म्हणून दुखणं नाही, रंग बघायचा. ओला आणि लाल-गुलाबी असेल तर ठीक. जांभळा-काळा पडला, पिशवीत काही येईना, पोट फुगलं, उलट्या लागल्या, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, सरळ मेडिकल कॉलेजचं नाहीतर मेयो हॉस्पिटल गाठायचं. घट्ट पट्टीने सूज वाढते आणि शौचाची वाटही दबते. आतडं आत गेल्यावर डॉक्टर आधाराचा पट्टा देतात, ती गोष्ट वेगळी.

तुरटीचा इथे काही संबंध नाही. साखरेचा आहे, हे मान्य करावं लागतं. सुजून अडकलेल्या स्टोमावर साखर टाकली की ती पाणी ओढून घेते, सूज उतरते आणि आतडं आत सारता येतं. 1997 साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त त्यावर टिपण आलं होतं. पण ते सर्जनने करायचं, तेही आतडं जिवंत असताना. काळ्या पडलेल्या आतड्याला साखर लावून बसायचं नसतं.

पोट फाडण्याचं म्हणाल तर अनेकदा स्टोमाभोवतीच चीर देतात, जादा आतडं ओढून कापतात आणि कडा पुन्हा कातडीला शिवतात. शेजारी हर्निया असेल तर काम वाढतं, कधी जागाही बदलावी लागते. आतडं पुन्हा जोडण्यासारखं असेल तर स्टोमाच बंद करतात. परत बाहेर येऊ शकतं, हे खरं आहे बाप्पा. प्रत्येकाला ऑपरेशन लागतं असंही नाही. पण ते सर्जन ठरवेल. 21 दिवस कुठून आले, देव जाणे.

पट्टी मी तेव्हाच सोडली. तुरटी काकूने परत काकांच्या दाढीच्या डब्यात ठेवली.