तारा हे नाव जुनं झालं म्हणणाऱ्या माझ्या माणसांसाठी

भावाच्या मुलीचं नाव मी तारा ठेवलं, तेव्हापासून फोन सुरूच आहेत. "आजीच्या काळातलं नाव काहून ठेवायलात?" "त्यांच्यातलं नाव वाटतंय हो." "राशीचं अक्षर बघितलं नव्हतं का?" एका भाचीने तर मला नावांच्या वेबसाइटची यादीच पाठवली, आणि त्यातलं कियारा पसंत कर म्हणाली. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते. लांब होईल, पण वाचा. आत्याला नाव ठेवायचा मान मिळतो, तर ते का ठेवलं हे सांगायची जबाबदारीही आत्याचीच.

आधी कियाराचं बघू. त्या यादीत ते संस्कृत म्हणून दिलेलं होतं. संस्कृतशी त्याचा संबंध नाही. इटालियन भाषेत क्यारा असं नाव आहे, ते लॅटिनमधल्या उजळ, स्पष्ट या अर्थाच्या शब्दावरून आलं. आयर्लंडमध्ये जवळजवळ तसंच दिसणारं कियारा आहे, त्याचा अर्थ काळी, सावळी. म्हणजे एकाच नावाचे दोन उलटे अर्थ, आणि दोन्ही सुंदर. पण वेबसाइटवाल्यांना त्यातलं काहीच ठाऊक नसतं. कुणीतरी एक अर्थ चिकटवतो, बाकीचे तो उचलतात, आणि आपण तोच बारशाच्या पत्रिकेवर छापून मोकळे होतो. मुलीच्या आयुष्यभराच्या नावाबद्दल एवढा निष्काळजीपणा मला सहन होत नाही.

आता तारा. आकाशातली चांदणी हा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. ऋग्वेदात चांदण्यांसाठी 'स्तृभिः' असं रूप येतं, त्यात सुरुवातीचा स आहे. तो पुढे गळाला आणि तारा उरलं. फारसीत तो टिकला, म्हणून तिकडे सितारा. ग्रीकमध्ये अस्तेर, लॅटिनमध्ये स्टेला, इंग्रजीत स्टार. हे सगळे शब्द एकाच मुळाचे आहेत असं भाषेचे अभ्यासक सांगतात. स्टेला नावाची ख्रिस्ती बाई आणि सितारा नावाची मुसलमान बाई या आपल्या ताराच्या सख्ख्या बहिणी झाल्या. यहुद्यांमध्ये एस्तेर नाव आहे. ते फारसी चांदणीवरून आलं की इश्तार देवीवरून, यावर दोन मतं आहेत. बायबलमधल्या त्या राणीचं मूळ हिब्रू नाव हदस्सा, ते एका सुगंधी झुडपाचं.

दुसरा अर्थ तरण्याशी जोडलेला आहे. तारणारी, पैलतीराला नेणारी ती तारा. आपल्या आयाबाया "देवा, तार रे" म्हणतात, त्यातलाच हा धातू. याच अर्थाने हे नाव बौद्ध परंपरेत गेलं, आणि तिथे त्याला जे मिळालं ते दुसरीकडे कुठे क्वचितच मिळालं असेल.

वेरूळला आपण सगळे जातो. शाळेची सहल असो की लग्नानंतरचं घृष्णेश्वराचं दर्शन, वेरूळ चुकत नाही. पण बहुतेकांची पावलं थेट कैलास लेण्याकडे वळतात, आणि 1 ते 12 क्रमांकाची बौद्ध लेणी राहून जातात. त्या लेण्यांत तारा आहे. करुणेचा बोधिसत्त्व जो अवलोकितेश्वर, त्याच्या बाजूला, हातात कमळ घेतलेली. बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचा मोठा पट कोरलेला आहे. आग, चोर, साप, सिंह, हत्ती, बुडणारं जहाज अशा संकटांत सापडलेली माणसं त्याच्याकडे धावताहेत. पुढे या अष्टमहाभयातून सोडवण्याचं काम भक्तांनी ताराकडेच सोपवलं. अवलोकितेश्वराच्या अश्रूतून ती जन्मली अशी कथा आहे. तिबेटात तिचं नाव झालं डोल्मा, अर्थ तोच, सोडवणारी. हिवाळ्यात आपल्याकडे स्वेटरची दुकानं लावायला येणाऱ्या तिबेटी बायकांना नावं विचारा, त्यांत एखादी डोल्मा निघेलच.

पण मला हे नाव ठेवावंसं वाटलं ते तिच्या दुसऱ्या एका कथेमुळे. तिबेटी परंपरेत सांगतात की तारा आधी राजकन्या होती, ज्ञानचंद्रा नावाची. तिने फार मोठी साधना केली. भिक्षूंनी तिला सल्ला दिला की आता पुढचा जन्म पुरुषाचा मिळावा अशी प्रार्थना कर, म्हणजे खरी प्रगती होईल. ती म्हणाली, पुरुष आणि बाई हा भेदच खोटा आहे. आणि पुरुषाच्या देहात ज्ञान मिळवू पाहणारे पुष्कळ आहेत, बाईच्या देहात राहून जगाचं भलं करणारे थोडे. तेव्हा हा संसार रिकामा होईपर्यंत मी बाईच्याच जन्माला येईन.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटता आलं नाही. आमच्या मराठवाड्यात, 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. मुलगी झाली की बाळंतिणीला पेढ्याऐवजी सांत्वन मिळतं अशी घरं मी बघितली आहेत. मुली नको झाल्या म्हणून नकोशी, नकुशा अशी नावं आपल्या राज्यात ठेवली गेली. सातारा जिल्ह्यात 2011 मध्ये अशा दोनशेहून जास्त मुलींना समारंभाने नवी नावं द्यावी लागली. अशा मुलखात, पुन्हा पुन्हा मुलगीच होईन असा ज्या देवीचा पण आहे, तिचं नाव माझ्या भाचीला मिळालं. हे नाव कुणाला जुनाट वाटत असेल तर वाटो.

"त्यांच्यातलं नाव" म्हणणाऱ्यांना आता दोन शब्द. सकाळी उठल्यावर आपल्या आजी पुटपुटायच्या तो श्लोक आठवा. अहल्या, द्रौपदी, सीता, तारा, मंदोदरी. त्यातली चौथी कोण? किष्किंधेची राणी, वालीची बायको. सुग्रीव दुसऱ्यांदा आव्हान द्यायला दारात आला तेव्हा तिने वालीला अडवलं. मार खाऊन पळालेला माणूस इतक्या लवकर परत येतो, त्याअर्थी त्याच्या पाठीशी कुणीतरी आहे. अंगदाने आणलेल्या बातमीवरून ते कोण, हेही तिला ठाऊक होतं, अयोध्येचे राम-लक्ष्मण. भांडण मिटव, सुग्रीवाला युवराज कर, असं तिने सांगितलं. वालीने ऐकलं नाही. बाण लागून पडल्यावर त्याला तिची किंमत कळली, आणि मरताना तो सुग्रीवाला म्हणाला की ही जे योग्य म्हणेल ते शंका न घेता कर. पुढे पावसाळा सरला तरी सुग्रीव रामाला दिलेला शब्द विसरून मौजमजेत राहिला. संतापलेला लक्ष्मण दारात आला, तेव्हा बोलायला पुढे पाठवलं ते ताराला. सगळ्या किष्किंधेत शहाणपणाने बोलणारी ती एकटी. आपण या कथेत वाली-सुग्रीवांची कुस्ती रंगवून सांगतो आणि तिला दोन ओळींत उरकतो.

हरिश्चंद्राची तारामती तर गावोगाव माहीत आहे, तिच्याबद्दल मी वेगळं काय सांगू. बंगालमध्ये तारापीठ आहे, दशमहाविद्यांतली दुसरी तारा. बृहस्पतीच्या बायकोचं नावही ताराच. चंद्राकडून परत आल्यावर देवांच्या सभेत तिला विचारलं गेलं, मूल कुणाचं? तिने खरं ते सांगितलं, चंद्राचं. ते मूल म्हणजे बुध, आणि त्याच्यापासून पुढे अख्खा चंद्रवंश. वंशाचा अभिमान मिरवणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

इतिहासातली ताराबाई घ्या. हंबीरराव मोहित्यांची लेक, राजाराम महाराजांची राणी. 1700 मध्ये महाराज गेले तेव्हा ती पंचविशीत होती, आणि पुढची सात वर्षं तिने औरंगजेबाशी लढाई चालवली. तो बादशहा 1707 मध्ये नगरला मेला आणि आपल्या खुलताबादला पुरला गेला. वेरूळच्या लेण्यांपासून खुलताबाद अगदी जवळ, घाट चढला की आलंच. इकडे डोंगरात कोरलेली तारा, तिकडे ताराबाईला न जिंकता मेलेल्या बादशहाची साधी कबर. त्या रस्त्याने जाताना माझ्या मनात हे दोन्ही एकदमच येतं.

आणि जालना ओलांडून बुलढाण्यात शिरलं की आपल्याला दुसऱ्या ताराबाई भेटतात, ताराबाई शिंदे. 1882 मध्ये त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. सुरतेच्या एका तरुण विधवेला तान्ह्या बाळाच्या हत्येच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्याच चारित्र्यावर लिहायला सुरुवात केली. त्या रागातून हे पुस्तक आलं. जे दोष बायकांना लावता ते पुरुषांत नाहीत का, असं त्यांनी रोखठोक विचारलं. ताराबाई मोडकांनी बालवाडी गरिबाच्या अंगणापर्यंत नेली. आजच्या अंगणवाडीमागे त्यांचं काम आहे. आजीच्या काळातलं नाव म्हणता ना? मग त्या काळातल्या या बायकाही बघा.

आमच्या परभणीच्या गल्लीत परवीन, सुरय्या, नजमा या नावांच्या बायका पूर्वीपासून आहेत. ईदला शिरखुर्मा त्यांच्याकडून येतो, दिवाळीला फराळ आमच्याकडून जातो. नजमा म्हणजे अरबीत तारा. सुरय्या म्हणजे कृत्तिकांचा पुंजका, आणि परवीन म्हणजेही तोच पुंजका, फक्त फारसीत. आमच्या नात्यात एक कृत्तिका आहे. सुरय्या, परवीन आणि कृत्तिका यांना एकत्र उभं केलं तर तिघींच्या नावात आकाशातला एकच तुकडा आहे. आपली माणसं नावावरून धर्म ओळखतात, जात काढतात, भाड्याने खोली द्यायची की नाही ते ठरवतात. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायच्या मागणीवरून इथे घरं जळली, माणसं मारली गेली, आणि 14 जानेवारी 1994 पर्यंत वाट बघावी लागली. नावाचं ओझं किती असतं हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. म्हणूनच मला सगळ्यांच्या घरात फिरलेलं नाव हवं होतं.

आकाशावरून नाव ठेवायला शास्त्राची मनाई आहे, हे माहीत आहे का? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलंय की नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं, डोंगराचं, पाखराचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये. आणि आपल्या शेतकऱ्यांनी काय केलं? ज्यांचं सगळं वर्षच नक्षत्रांवर चालतं, जे रोहिणीकडे बघतात, मिरगावर पेरतात, "पडतील स्वाती तर पिकतील मोती" म्हणतात, त्यांनी लेकींची नावं रोहिणी, स्वाती, चित्रा, रेवती, अनुराधा ठेवली. नदीचं म्हणून गोदावरी ठेवलं, झाडाचं म्हणून तुळसा. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 ला महाडला ते पुस्तक जाळलं. त्याआधीही आमच्या आयाबायांनी निदान बारशापुरतं तरी ते मानलेलं नव्हतं, याचा मला फार आनंद होतो.

"परदेशी लोकांतही टारा असतं, म्हणजे इंग्रजी नाव ना?" असंही एकाने विचारलं. आयर्लंडमध्ये टारा नावाची टेकडी आहे, तिथल्या राजांची जुनी गादी. त्यांच्या भाषेत ती तेव्हर, आपल्या चांदणीशी तिचं नातं नाही. 1939 च्या एका गाजलेल्या अमेरिकी चित्रपटात गुलामांकडून कापूस वेचून घेणाऱ्या एका मळ्याचं नाव टारा होतं. त्यानंतर तिकडच्या मुलींना ते जास्त ठेवलं जाऊ लागलं. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या मुलखात राहून मला ते नाव त्या मळ्यावरून घ्यावंसं कधी वाटलं नसतं. आमची तारा तिकडून आलेली नाही.

राहिली राशी. अक्षर त आलं नव्हतं, बरोबर. राशीचं नाव पत्रिकेत राहील, हाक मारायचं तारा.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की आत्या बोलली नव्हती. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवऱ्याच्या पसंतीचं नाव लिहायची जी रीत आहे, ती या मुलीच्या बाबतीत होऊ देणार नाही. माझ्या आईचं लग्नाआधीचं नाव मला तिच्या शाळेच्या दाखल्यावर सापडलं. तिला त्या नावाने हाक मारणारं तोवर कुणीही उरलं नव्हतं. आपल्या घराघरांत अशा बायका आहेत. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं, असा आपल्या राज्याचा नियम झाला आहे. तेव्हा ज्यांच्या घरी यंदा बारसं आहे त्यांनी लेकीचं नाव नीट विचार करून ठेवावं, आणि फॉर्म भरताना सुनेला एकदा विचारावं की तुझं कोणतं नाव लिहू, माहेरचं की आम्ही ठेवलेलं. ती सांगेल तेच लिहा.